आइस हॉकीच्या गोलरक्षकाची साधने : निवड आणि जुळवणी

आइस हॉकीच्या सामन्यात प्रत्येक संघाचे एका वेळी सहा खेळाडू बर्फावर असतात. त्यांपैकी पाच जण सतत फिरते असतात. सहावा आपल्या गोलचौकटीसमोर ठाण मांडून उभा असतो. हा सहावा खेळाडू म्हणजे गोलरक्षक. त्याच्या अंगावरील साधने इतर पाच जणांच्या साधनांहून आकाराने, रचनेने आणि हेतूनेही वेगळी असतात. ही साधने कशी घडत गेली, त्यांचे प्रकार कोणते, ती कशी निवडावीत आणि अंगावर कशी जुळवून घ्यावीत, याची क्रमवार माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

या विषयात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गोलरक्षकाचे साधन जितके मोठे तितके ते उपयुक्त, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. मापाबाहेरचे साधन हालचाल मंद करते, जागेवरून सरकते आणि नेमक्या आघाताच्या क्षणी शरीराचा नाजूक भाग उघडा टाकते. साधनाचे योग्य माप खेळाडूच्या शरीरावरून ठरते, आणि तेही ताठ उभ्या शरीरावरून नव्हे, तर गुडघ्यांत वाकलेल्या, बर्फावर टेकलेल्या, हात पुढे धरलेल्या शरीरावरून. पुढील सर्व विवेचन या एका तत्त्वाभोवती फिरते.

गोलरक्षकापुढील आव्हान

आइस हॉकीची गोलचौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असते. तिच्यात धाडायची वस्तू म्हणजे ‘पक’ नावाची रबराची टणक चकती. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे सुमारे १५६ ते १७० ग्रॅम असते. क्रिकेटचा चेंडूही जवळपास इतक्याच वजनाचा असतो. पकची उसळी कमी व्हावी म्हणून ती सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात, त्यामुळे ती अधिकच कठीण होते. व्यावसायिक खेळाडूंच्या जोरदार फटक्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे जातो. या वेगाने दहा मीटरवरून निघालेली पक पाव सेकंदाच्या आत गोलरक्षकापर्यंत येऊन पोहोचते. शिवाय वाटेत एखाद्या खेळाडूच्या स्टिकला किंवा अंगाला लागून तिची दिशा बदलू शकते.

इतक्या थोड्या अवधीत प्रत्येक फटका पाहून अडवणे शक्य नसते. म्हणून गोलरक्षकाच्या साधनांना दोन कामे करावी लागतात. पहिले काम संरक्षणाचे : आघाताचा जोर पसरवून शरीर वाचवणे. दुसरे काम अवरोधाचे : चौकटीचा शक्य तितका भाग झाकणे. ही दोन कामे पुष्कळदा एकमेकांना पूरक असतात, पण नेहमीच नसतात. अवरोधाच्या लोभाने साधन फुगवले की चपळता जाते आणि चपळतेच्या लोभाने ते छाटले की संरक्षण उणावते. साधनांच्या विकासाचा आणि त्यांवरील नियमांचा इतिहास हा या दोन गरजांमधील समतोल साधण्याचा इतिहास आहे.

उगम आणि विकास

आरंभीच्या काळात गोलरक्षक आणि अन्य खेळाडू यांच्या वेशात फारसा फरक नव्हता. पायांच्या संरक्षणाची कल्पना क्रिकेटकडून आली. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी माँट्रियल येथे स्टॅन्ली करंडकासाठी झालेल्या लढतीत विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट पांढरे क्रिकेट पॅड बांधून उतरला. विनिपेगने तो सामना २–० असा जिंकला. त्यानंतर क्रिकेटचे पॅड वापरण्याची प्रथा कॅनडात रूढ झाली.

क्रिकेटचे पॅड बर्फावरील या खेळाला पुरेसे नव्हते. पुढील पाऊल टाकले ते हॅमिल्टन येथील एमिल केनेस्की या घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराने. ‘पॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केनेस्कीने १९२० च्या दशकात चामड्याचे रुंद, आत केसांचे सारण भरलेले पॅड तयार केले. पुढील काही दशके गोलरक्षकाचे पॅड याच घडणीचे राहिले. त्यांचा एक मोठा दोष होता : चामडे आणि आतले सारण बर्फाचे पाणी शोषून घेत, त्यामुळे सामना संपेपर्यंत पॅड फार जड होत. १९८० च्या दशकापासून कृत्रिम चामडे आणि पाणी न शोषणारा फोम यांचा वापर वाढला आणि पॅडचे वजन झपाट्याने घटले.

पक झेलायच्या हातमोज्याचा उगम बेसबॉलमध्ये आहे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो संघाचा गोलरक्षक एमिल फ्रान्सिस याने बेसबॉलमधील पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाचा मोठा हातमोजा मनगटाला जाड आवरण शिवून वापरला. प्रतिस्पर्धी संघाने हरकत घेतली, परंतु ‘नॅशनल हॉकी लीग’चे, म्हणजे एनएचएलचे, अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला मान्यता दिली. आजचा झेलण्याचा हातमोजा हा त्याचाच वंशज होय.

मुखत्राण मात्र फार उशिरा रुळले. १९२७ मध्ये कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या संघाची गोलरक्षक एलिझाबेथ ग्रॅहम हिने तलवारबाजीच्या खेळातील जाळीचा मुखवटा वापरला होता. १९३० मध्ये माँट्रियल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टने नाकाला दुखापत झाल्यावर काही सामने चामड्याचा मुखवटा घातला. पण त्याने दृष्टीला अडथळा होतो म्हणून तो सोडून दिला. त्यानंतर जवळजवळ तीन दशके एनएचएलचे गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने खेळत राहिले. टेरी सॉचक या ख्यातनाम गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत पडलेल्या टाक्यांच्या खुणा रंगवून दाखवणारे छायाचित्र ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकाने १९६६ मध्ये छापले, त्यावरून त्या काळाची कल्पना येते.

परिवर्तनाचा दिवस १ नोव्हेंबर १९५९ हा होय. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांट याच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून घेतल्यावर त्याने मुखवट्याशिवाय पुन्हा बर्फावर उतरण्यास नकार दिला. प्रशिक्षक टो ब्लेक मुखवट्याच्या विरुद्ध होते, कारण मुखवट्यामुळे नजर आणि निर्भयता दोन्ही कमी होतात अशी त्या काळची समजूत होती. पण त्या काळी संघाकडे सज्ज असा दुसरा गोलरक्षक नसे, त्यामुळे त्यांना मान्य करणे भाग पडले. सरावात वापरण्यासाठी काचतंतूंपासून स्वतःच्या चेहऱ्याच्या साच्यावर बनवलेला मुखवटा घालून प्लांट परतला आणि माँट्रियलने सामना ३–१ असा जिंकला. पुढेही तो मुखवट्यासह जिंकत राहिला आणि त्याच हंगामात माँट्रियलने स्टॅन्ली करंडक पटकावला. संरक्षणामुळे खेळ बिघडत नाही, हे यातून सिद्ध झाले.

साधनांचे वर्गीकरण

गोलरक्षकाच्या साधनांचे चार गट पाडता येतात. पहिला गट पायांचा : स्केट्स, लेगपॅड आणि गुडघ्याचे आतले संरक्षक. दुसरा गट धडाचा : जननेंद्रियांसाठी संरक्षक कप, जाड पँट आणि छाती, खांदे व हात यांचे एकत्र आवरण असलेले उरस्त्राण. तिसरा गट डोके व मान यांचा : मुखत्राण आणि कंठत्राण. चौथा गट हातांचा : झेलण्याचा हातमोजा, अडवण्याचा हातमोजा म्हणजे ब्लॉकर, आणि रुंद पात्याची स्टिक.

या वर्गीकरणाला एक व्यावहारिक अर्थही आहे. एका गटातील साधने परस्परांवर अवलंबून असतात. लेगपॅड स्केटच्या टोकाला बांधला जातो, गुडघ्याचा संरक्षक लेगपॅडच्या वरच्या टोकात बसतो आणि उरस्त्राणाचे खालचे टोक पँटला भिडते. म्हणून एखादे साधन बदलायचे असेल तर त्याच्या शेजारची साधने अंगावर चढवूनच नवे साधन पारखावे.

स्केट्स

गोलरक्षकाचा स्केट अन्य खेळाडूंच्या स्केटहून बुटका असतो. घोटा पुढे सहज वाकावा यासाठी त्याची मागची कड उतरती ठेवतात. बाजूंनी आणि पुढून पकचा मार सोसणारे कठीण कवच असते. पात्याचे पोलाद सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे इतर खेळाडूंच्या पात्याहून जाड. त्याची खालची कड बरीच सपाट ठेवलेली असते. सपाट कडेचा अधिक भाग बर्फाला टेकतो आणि आडव्या सरकण्यात तोल राहतो.

स्केटचे माप रोजच्या बुटाच्या मापाहून बहुधा एक ते दीड क्रमांकाने लहान निघते. ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या कवचाला हलकेच टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे यावीत. टाच मात्र कोणत्याही स्थितीत वर उचलली जाता कामा नये. टाच सुटते असा स्केट लेस कितीही आवळली तरी दुरुस्त होत नाही.

पात्याला खोबणीसारखी अंतर्गोल धार काढतात. खोबण जितकी खोल तितकी बर्फावरची पकड घट्ट. उभ्याने खेळण्याच्या जुन्या पद्धतीत गोलरक्षक उथळ धार पसंत करीत, कारण त्यांना बाजूला घसरत जायचे असे. आजचे गोलरक्षक गुडघ्यांवर बसलेले असतानाही एका पायाने जोराचा रेटा देऊन सरकतात. त्यासाठी कडेची पकड लागते, म्हणून ते अधिक खोल धार घेतात. नवशिक्याने मध्यम धारेपासून सुरुवात करावी. थांबताना पाय अडखळत असेल तर धार थोडी उथळ करावी, रेटा देताना पाय निसटत असेल तर थोडी खोल करावी. बदल एका वेळी एकच आणि लहान असावा.

लेगपॅड

लेगपॅड हे या संचातील सर्वांत महत्त्वाचे साधन. त्याचे भाग खालून वर असे : स्केटवर बसणारा बुटाचा भाग, नडगीचा सपाट भाग, गुडघ्याच्या आतील बाजूस असलेला जाड ठोकळा, आणि गुडघ्याच्या वर मांडीकडे जाणारी वाढ. मागच्या बाजूस पोटरीला धरणारे पंख आणि बांधायचे पट्टे असतात.

पॅडची रचना खेळण्याच्या शैलीवर अवलंबून असते. सुरुवातीच्या काळात गोलरक्षकाला जाणूनबुजून खाली पडण्याची मनाई होती. एनएचएलने ती जानेवारी १९१८ मध्ये उठवली. तरी पुढे कित्येक दशके उभ्याने खेळणे हीच प्रमाण पद्धत होती. ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी गुडघे आत वळवून बर्फावर टेकायचे आणि नडग्या दोन्ही बाजूंना पंखांप्रमाणे पसरायच्या, अशी शैली रूढ केली. तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॅट्रिक र्‍वा आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अल्येर यांच्यामुळे ती सर्वमान्य झाली. या शैलीत पॅड पायाभोवती फिरून त्याची आतली कड बर्फावर आडवी टेकते आणि पुढचा भाग फटका मारणाऱ्याकडे राहतो. सतत बटरफ्लायमध्ये खेळणाऱ्याला ताठ, सपाट पृष्ठभागाचे पॅड सोयीचे पडतात. त्यावर आदळलेली पक जोरात दूर जाते. पायाची हालचाल अधिक करणाऱ्या, उभ्याने आणि बसून असे मिश्र खेळणाऱ्या गोलरक्षकाला नडगीपाशी आणि गुडघ्याच्या वर लवणारे, मऊ पॅड बरे वाटतात. त्यांवरून पक जवळच पडते व लगेच दाबता येते.

पॅडच्या मापात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३४+१. पहिला आकडा पॅडची मूळ लांबी इंचांत सांगतो आणि दुसरा मांडीकडील जादा वाढ दाखवतो. निवडीत पहिले महत्त्व घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या अंतराला द्यावे. खेळाडूला खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात ठेवून, घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत हे अंतर मोजतात. एकूण उंची सारखी असलेल्या दोन व्यक्तींच्या नडगीची लांबी वेगळी असू शकते, म्हणून नुसत्या उंचीवरून पॅड घेऊ नये. निरनिराळ्या उत्पादकांच्या मोजपट्ट्याही तंतोतंत जुळत नाहीत. एकाचा ३४ क्रमांक दुसऱ्याच्या ३३ इतका असू शकतो.

अंतिम पारख एकच. स्केट्स घालून, पॅड बांधून बटरफ्लायमध्ये खाली बसावे. गुडघा ठोकळ्याच्या बरोबर मध्यावर टेकला पाहिजे. तो ठोकळ्याच्या वर गेला तर पॅड आखूड आहे. ठोकळ्याच्या खाली नडगीकडे उतरला तर पॅड लांब आहे. गुडघा ठोकळ्यावरून घसरून थेट बर्फावर आदळू लागला, तर काही आठवड्यांतच दुखणे सुरू होते. मांडीकडील वाढ किती हवी हे त्यानंतर पाहावे. ही वाढ दोन्ही गुडघ्यांमधील फट बुजवण्यास मदत करते. हॉकीच्या बोलीत या फटीला ‘फाइव्ह-होल’ म्हणतात. वाढ फार झाली तर दोन्ही पॅडची वरची टोके एकमेकांवर आदळतात आणि चालणेही अवघड होते.

पट्ट्यांची जुळवणी

चांगला पॅड चुकीच्या पट्ट्यांमुळे निकामी ठरतो, म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. पॅडचे टोक स्केटच्या पुढील भागाला दोरीने किंवा लवचिक इलास्टिकने बांधतात. ही गाठ आवळून बांधायची नसते. स्केटचे टोक आणि पॅड यांच्यात काही सेंटिमीटरची सैल जागा ठेवली की बसताना पॅड पायाभोवती मोकळा फिरतो. गाठ घट्ट असेल तर पॅड फिरत नाही आणि तो पीळ घोटा, गुडघा व खुब्याच्या सांध्यावर येतो. ती फार सैल असेल तर पॅड टोकाकडून दूर जातो आणि स्केटजवळ फट पडते.

पोटरीचे पट्टे सैलसर आणि गुडघ्याजवळचे पट्टे त्याहून थोडे चुस्त, ही सर्वसाधारण मांडणी होय. बटरफ्लायमध्ये बसून खाली पाहिल्यावर पॅडचा पुढचा भाग बर्फाकडे झुकलेला दिसला, तर पॅड पुरेसा फिरत नाही असे समजावे आणि खालचे पट्टे एकेक घर सैल करावेत. पॅड प्रमाणाबाहेर फिरून त्याचा पुढचा भाग छताकडे झुकत असेल किंवा उभे राहिल्यावर तो जागेवर परतत नसेल, तर पट्टे थोडे आवळावेत. योग्य जुळवणी झाल्यावर प्रत्येक पट्ट्याच्या वापरातील भोकाजवळ पेनाने खूण करून ठेवण्याची सवय उपयुक्त आहे.

गुडघ्यांचे आतले संरक्षक आणि पँट

पॅडच्या वरच्या टोकाआड गुडघ्याच्या वरची मांडी आणि गुडघ्याची बाजू उघडी राहते. तिच्यासाठी वेगळे गुडघासंरक्षक असतात. ते पँटच्या आत किंवा बाहेर येतील अशा बेताने बांधतात. पायाची हालचाल होताना ते खाली उतरू नयेत.

गोलरक्षकाची पँट अन्य खेळाडूंच्या पँटपेक्षा कंबरेत रुंद असते, कारण पुष्कळ गोलरक्षक उरस्त्राणाचे टोक तिच्यात खोचतात. कंबरेचे माप उरस्त्राण घालूनच घ्यावे. पट्टा करकचून बांधण्याऐवजी खांद्यावरून जाणारे गॅलिस वापरले, तर पोट मोकळे राहते आणि श्वास अडत नाही. खाली बसल्यावर पँटचे टोक गुडघ्याच्या ठोकळ्यात अडकत असेल तर पँट लांब आहे.

उरस्त्राण

उरस्त्राण छाती, पोट, गळ्याची हाडे, खांदे आणि मनगटापर्यंतचे हात झाकते. हृदयाच्या भागावर बसणारा जोरदार आघात धोकादायक असतो, म्हणून छातीच्या मध्यावरील फोमची जाडी आणि घट्टपणा पाहणे अगत्याचे आहे. गळ्याच्या हाडांवर आणि काखेजवळ जोड उघडे पडत नाहीत ना, हेही तपासावे.

याची पारखही बसूनच करावी. उरस्त्राण अंगावर चढवून गुडघे टेकावेत आणि हात पुढे धरावेत. या स्थितीत ते वर सरकून हनुवटीला किंवा कंठत्राणाला टेकू लागले, तर ते लांब आहे. मग दोन्ही हात छातीसमोर एकमेकांजवळ आणून पाहावे. त्यात अडचण येत असेल तर खांद्यांचे तुकडे फार मोठे आहेत. बाहीचे टोक हातमोज्याच्या कफला भिडले पाहिजे. मनगटाशी राहिलेली दोन बोटांची फट सरावात लगेच जाणवत नाही, पण पकचा मार नेमका तेथे बसतो. पाठीवरच्या आणि हातांवरच्या पट्ट्यांना दोन-तीन सरावांनंतर पुन्हा एकदा जुळवून घ्यावे लागते, कारण फोम शरीराच्या आकाराला वळतो.

मुखत्राण आणि कंठत्राण

आजचे मुखत्राण म्हणजे काचतंतू, केव्हलार किंवा कार्बन तंतूंचे कवच आणि डोळ्यांसमोर पोलादी जाळी यांचा संयोग. ही घडण १९७० च्या दशकात आकाराला आली आणि डेव्ह ड्रायडन या गोलरक्षकाचा तिच्यात मोठा वाटा आहे. त्याच काळात सोव्हिएत संघाचा व्लादिस्लाव्ह त्रेत्याक हेल्मेटला जोडलेली पिंजऱ्यासारखी जाळी वापरीत असे. आजच्या कवचाला कपाळाशी आणि हनुवटीशी उतरते कोन दिलेले असतात. त्यांमुळे पक सरळ आदळून थांबण्याऐवजी बाजूला घसरते आणि डोक्याला बसणारा धक्का कमी होतो.

मुखत्राण निवडताना भुवयांच्या किंचित वर डोक्याचा घेर मोजावा. हनुवटी आतल्या वाटीत पूर्ण बसावी, कानशिलांवर आणि कपाळावर फोम सारख्या दाबाने टेकावा, आणि मान झटकल्यावर मुखत्राण डोक्याबरोबरच फिरावे, मागे राहू नये. मागच्या बाजूचे सर्व पट्टे समान ताणलेले असावेत. नजर खाली करताच पायाजवळची पक दिसली पाहिजे. जाळीच्या बाबतीत लहान मुलांसाठी विशेष काळजी घ्यावी. व्यावसायिक खेळाडूंच्या पसंतीची रुंद छिद्रांची जाळी दृष्टीला मोकळी वाटते, पण तिच्यातून स्टिकचे टोक आत शिरू शकते. मुलांना प्रमाणित, अरुंद छिद्रांचीच जाळी द्यावी. कवचाला तडा गेला असेल तर मुखत्राण बाद करावे, ते दुरुस्त करून वापरू नये.

कंठत्राण दोन प्रकारचे असते. एक गळ्याभोवती कॉलरसारखे बांधण्याचे, दुसरे मुखत्राणाच्या हनुवटीला टांगलेली कठीण पारदर्शक पट्टी. पहिले स्केटच्या पात्यापासून वाचवते, दुसरे पकच्या आघातापासून. २२ मार्च १९८९ रोजी बफेलो सेबर्सच्या क्लिंट मलारचकच्या गळ्याची शीर प्रतिस्पर्धी खेळाडूच्या स्केटने कापली गेली. संघाचे उपचारक जिम पिझुटेली यांनी तत्काळ शीर दाबून धरल्यामुळे त्याचा जीव वाचला. या घटनेनंतर गळ्याच्या संरक्षणाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. दोन्ही प्रकार एकत्र वापरणे सर्वांत सुरक्षित.

हातमोजे आणि स्टिक

बहुतेक गोलरक्षक डाव्या हाताने झेलतात आणि उजव्या हातात स्टिक धरतात. उलट मांडणीचे संचही मिळतात. आपण चेंडू सहजपणे कोणत्या हाताने झेलतो, हे पाहून निवड करावी. झेलण्याच्या हातमोज्यात जाळीदार खिसा, तळहात आणि कफ असे भाग असतात. हातमोजा कोणत्या रेषेवर मिटतो हे उत्पादनागणिक बदलते : काहींत तो अंगठ्याच्या बुडाशी मिटतो, काहींत बोटांच्या बाजूने. ज्या ठिकाणी आपला हात नैसर्गिकपणे वळतो तेथे मिटणारा हातमोजा घ्यावा. नवा हातमोजा कडक असतो. खिशात चेंडू ठेवून तो बांधून ठेवल्याने आणि हाताने वारंवार मिटल्याने खिसा तयार होतो.

ब्लॉकर हा हातमोज्याच्या पाठीवर बसवलेला सपाट फळीसारखा भाग. त्याने पक झेलायची नसते, कोपऱ्याकडे वळवायची असते. त्याच्या आत स्टिक धरणारी बोटे मोकळी राहिली पाहिजेत. तर्जनीवर संरक्षक आवरण असावे.

स्टिकचे पाते साडेतीन इंच रुंद असते आणि तिचा दांडाही खालच्या भागात तितकाच रुंद असतो. या रुंद भागाला ‘पॅडल’ म्हणतात. स्टिकची निवड पॅडलच्या लांबीवरून होते. पवित्रा घेऊन उभे राहिल्यावर पाते संपूर्णपणे बर्फावर सपाट टेकले पाहिजे आणि ब्लॉकरचा हात शरीराजवळ, सैल राहिला पाहिजे. पॅडल लांब असेल तर खांदा वर उचलला जातो आणि पात्याची एक कड बर्फावरून सुटते. आखूड असेल तर खेळाडू अवाजवी वाकतो. लाकूड आणि फोम यांची स्टिक जड असली तरी कंपन शोषते. संमिश्र तंतूंची स्टिक हलकी असते आणि पास देण्यास सोयीची. दांड्याच्या वरच्या टोकाला टेपची जाड गाठ गुंडाळतात. तिच्यामुळे बर्फावर पडलेली स्टिक ब्लॉकर घातलेल्या हाताने उचलता येते.

अंगावर चढवण्याचा क्रम

साधने ठरावीक क्रमाने चढवली तर वेळ वाचतो आणि बदल करणे सोपे जाते. आतले कपडे, संरक्षक कप, गुडघासंरक्षक, पँट, स्केट्स, लेगपॅड, उरस्त्राण, कंठत्राण, जर्सी, मुखत्राण आणि शेवटी हातमोजे, हा रूढ क्रम आहे. स्केट्स पँटनंतर आणि पॅडच्या आधी चढवावे लागतात. हातमोजे चढल्यावर पट्टे हाताळता येत नाहीत, म्हणून सर्व जुळवणी त्याआधीच पूर्ण करावी.

नियमांची दिशा

साधने हलकी झाली तशी ती मोठीही होऊ लागली, आणि नियमांनी त्यांना आवर घातला. एनएचएलमध्ये लेगपॅडची रुंदी १९२७ मध्ये १० इंचांपर्यंत मर्यादित केली होती. १९८९ मध्ये ती १२ इंचांपर्यंत वाढवली आणि २००५ मध्ये ११ इंचांवर आणली. ब्लॉकर १५ इंच लांब व ८ इंच रुंद, झेलण्याच्या हातमोज्याचा घेर ४५ इंच, पॅडल २६ इंच, अशा मर्यादा ठरल्या. पुढे एक मूलगामी बदल झाला. २०१० च्या हंगामापासून पॅडची लांबी खेळाडूच्या शरीराच्या प्रमाणात ठरवण्यात येऊ लागली. २०१३ मध्ये गुडघ्यावरील वाढ आणखी कमी केली. २०१७ मध्ये पँटला आणि २०१८–१९ च्या हंगामात उरस्त्राणाला अंगाबरोबर बसणारे आकार देणारे नियम आले. सर्वांना समान असणाऱ्या कमाल मापाऐवजी प्रत्येकाच्या शरीराचे माप हा निकष नियमांनीही स्वीकारला.

मुलांची साधने आणि लडाखचा अनुभव

कॅनडा व अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतील मुले हा खेळ खेळतात, त्यांच्या पालकांपुढे खर्चाचा प्रश्न मोठा असतो. मुले भराभर वाढतात, म्हणून वाढत्या अंगाचे घ्यावे अशी आपल्याकडची रीत आहे. गोलरक्षकाच्या पॅडच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण गुडघा ठोकळ्यावर टेकत नाही. त्याऐवजी वापरलेले पण योग्य मापाचे पॅड घ्यावेत. वापरलेले साधन घेताना फोम दाबून तो पुन्हा वर येतो का ते पाहावे. पट्टे, बकल आणि शिवण तपासावी. मुखत्राण मात्र शक्यतो नवे घ्यावे.

भारतात आइस हॉकीचे मुख्य केंद्र लडाख हे आहे. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्यांवर हा खेळ रंगतो. भारताची आइस हॉकी संघटना १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. पुरुषांचा संघ २००९ मध्ये आणि महिलांचा संघ २०१६ मध्ये आशियाई चॅलेंज चषकात प्रथम उतरला. नैसर्गिक बर्फाचा हंगाम तेथे थोडे आठवडेच टिकतो, त्यामुळे साधन जुळवून घेण्यास मिळणारा अवधीही तोकडा असतो. अशा ठिकाणी हंगामाआधी कोरड्या जमिनीवर, सतरंजीवर बसून पट्ट्यांची जुळवणी करून घेणे फार उपयोगी ठरते. गुडघा ठोकळ्यावर टेकतो का, उरस्त्राण वर सरकते का, बाही हातमोज्याला भिडते का, या तिन्ही गोष्टी पाहण्यासाठी बर्फाची गरज नसते.

निगा

साधने दर वेळी वापरानंतर पिशवीतून काढून हवेशीर जागी पसरून वाळवावीत. ओली साधने पिशवीत राहिली तर जंतू वाढतात, दुर्गंधी येते आणि शिवण कुजते. हीटरच्या किंवा चुलीच्या थेट आचेने फोमचा चिकटवलेला थर सुटतो व चामडे ताठरते, म्हणून ती तापवून वाळवू नयेत. स्केटची पाती पुसून कोरडी करावीत. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात सर्व पट्टे, स्क्रू व जाळीचे जोड तपासण्याचा नेम ठेवावा.

खेळाडूचे शरीर बदलते, शैली बदलते, फोम झिजतो. म्हणून जुळवणी एकदाच करून संपत नाही. प्रत्येक हंगामाच्या आरंभी मोजपट्टी घेऊन नडगी, घेर आणि बाही पुन्हा मोजावी, बसून प्रत्येक साधन पारखावे, आणि जे शरीराला साथ देत नाही ते बदलावे. हे काम दुकानदारावर किंवा प्रशिक्षकावर न सोडता गोलरक्षकाने स्वतः शिकून घ्यावे. पट्टा किती सैल आणि कोठे आवळायचा, हे त्याच्याइतके अचूक दुसरा कोणी सांगू शकत नाही.